आधी पन्हळी, मग प्रकाशझोत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पुण्यात एखाद्या जुन्या वास्तूचे जतन करून तिथे कायमचे प्रदर्शन मांडायचे ठरले, की चर्चा सुरू होते ती दर्शनी भागावरच्या दिव्यांची आणि सेल्फीच्या जागेची. विश्रामबागवाड्याचे उदाहरण घेऊ. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधलेल्या या वाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा भरू लागली. मे १८७९ च्या आगीत त्याचा मोठा भाग जळाला, तो पुन्हा उभा केला गेला आणि पुढे नगरपालिकेचा कारभारही इथूनच चालला. इतके बिऱ्हाडकरू पाहिलेल्या घराला प्रदर्शन जड नाही. मात्र अशा वास्तूत कामांचा क्रम चुकला, तर पैसे खर्चूनही घर खचते.

पहिले काम पाण्याचे. वाळवीच्या नावाने सगळे ओरडतात, पण तिला घरात बोलावते ती ओल. पुण्याचा सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस बहुतेक चार महिन्यांतच पडतो. चौकाभोवतीची उतरती छपरे जिथे मिळतात त्या कोनातल्या पन्हळीत पिंपळाची चार पाने अडकली, की पाणी मागे फिरून भिंतीत शिरते. भिंतीत रुतलेले तुळईचे टोक मग आतून कुजते. बाहेरून मात्र तेलपाणी केलेले लाकूड ठणठणीत दिसते. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर टिकला तर बुरशी धरते. म्हणून अंदाजपत्रकाआधी प्रत्येक तुळईचे टोक ओलावामापकाने तपासावे, हातोडीने ठोकून भद्द आवाज येतो का पाहावे आणि शंका असेल तिथे बारीक गिरमिटाने भोक पाडून आतला भुसा बघावा. हे न करता काढलेला आकडा नुसता अदमास असतो.

कुजलेले तेवढेच कापून नवे सागवान जोडता येते. ते बारा ते पंधरा टक्के ओलाव्यापर्यंत वाळलेले हवे, तिरका सांधा तुळईच्या उंचीच्या किमान तिप्पट लांबीचा हवा आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. टोकाभोवती बोटभर मोकळी जागा ठेवली की हवा खेळते. प्रत्यक्षात तिथे सिमेंट ठासले जाते आणि वरून ऑइलपेंटचा हात फिरतो. ओल आत कोंडली जाते. पुढची तुळई वाकली की खाली लोखंडी गर्डर येतो, आणि भार ज्या खांबावरून जायचा तो सोडून भलत्याच भिंतीवर उतरतो.

गिलाव्याचेही तेच. विटा आणि चुन्याची भिंत श्वास घेते; जोत्यातून चढलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडते. सिमेंटचा गिलावा ती वाट बंद करतो, मग ओल आणखी वर चढते, क्षार विटेतच स्फटिक धरतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा विटेचा पापुद्रा घेऊनच सुटतो. सध्या चुन्यात मिसळायच्या गूळ, हिरडा, बेलफळ यांचे कौतुक फार होते. पण चुना किती दिवस भिजवला होता, हे कोणी विचारत नाही! विरवलेला चुना निदान काही आठवडे पाण्याखाली मुरलेला असावा. एक भाग चुना, तीन भाग वाळू आणि सुरखी (विटांची पूड), दहा-बारा मिलिमीटरचा एकेक हात, ओले गोणपाट लावून काही दिवस सावलीत जोपासना, आणि आधीचा हात आवळल्यावरच पुढचा. मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून मार्चच्या उन्हात घाईने केलेला गिलावा केसाकेसाने तडकतो. सरकारी दरसूचीत अशा कामाचे नेमके कलम नसले, की जवळचे म्हणून सिमेंटचे कलम निविदेत घुसते.

दुसरा प्रश्न भाराचा, आणि तो फार कमी वेळा विचारला जातो. भारतीय मानकानुसार राहत्या घराच्या जमिनीवर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलोचा भार धरतात, संग्रहालयाला चारशे, आणि उभ्या गर्दीच्या सभागृहाला पाचशे. पाच बाय बारा फुटांच्या एका खणावर, म्हणजे दोन तुळयांमधल्या जमिनीवर, चारशेच्या हिशेबाने सव्वादोन टन होतात. शाळेच्या सहलीतली पन्नास मुले एकाच टचस्क्रीनभोवती जमतात तेव्हा आकडे कागदावर राहत नाहीत. वरच्या मजल्यावर एका वेळी किती माणसे हे गणितातून ठरवून दाराशी मोजणीच ठेवावी, आणि जड काचपेट्या तळमजल्यावर न्याव्यात.

तिसरे, वीज. रिओ दि जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय सप्टेंबर २०१८ मध्ये जळाले. तपासात आगीचा उगम सभागृहातल्या वातानुकूलन यंत्रापाशी निघाला, आणि अग्निशामकांना जवळच्या हायड्रंटमध्ये (बंबाला पाणी देणाऱ्या नळात) पुरेसे पाणी मिळाले नव्हते. विश्रामबागवाड्याला तर आगीचा अनुभव घरचाच आहे. भिंत कोरून वायरी गाडण्यापेक्षा त्या भिंतीबाहेरून धातूच्या नळीतून न्याव्यात. मुख्य बोर्ड लाकडी भागाबाहेर असावा, प्रत्येक दालनाला तीस मिलिअँपिअरचा गळती-खंडक (वीज गळताच पुरवठा तोडणारा खटका) असावा, रात्री प्रदर्शनाचा पुरवठा एका खटक्यात बंद व्हावा, आणि पाण्याची टाकी व पंप वास्तूचे स्वतःचे असावेत. माळ्यावर उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा तिथली तपासणी दर सहा महिन्यांनी लागतेच. कागद आणि वस्त्रांना पन्नास लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचे माप) जास्त उजेड नको. झगमगाट नक्षीलाही मारक आणि दस्तऐवजांनाही.

पूर्ण दालन थंड करण्याचा मोह टाळलेला बरा. पावसाळ्यात बाहेरची दमट हवा झिरपून थंड पृष्ठभागाला लागते आणि भिंतीला घाम फुटतो. नाजूक वस्तूंसाठी सीलबंद काचपेटीत ओल शोषणारे सिलिका जेल ठेवावे, दालनाला जुन्या खिडक्या आणि पंखे पुरतात. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा हवा, म्हणजे साठ सेंटिमीटर जोत्याला सुमारे सव्वासात मीटर लांबी. तो नंतर उचलता येईल असा करावा. लिफ्ट आणि स्वच्छतागृहे मूळ वास्तूत न घुसवता मागच्या नव्या बांधकामात असावीत.

हे सगळे आपल्याकडे झालेच नाही असे नाही. भायखळ्याच्या १८७२ च्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयासाठी २००३ मध्ये मुंबई महापालिका, एक खासगी प्रतिष्ठान आणि वारसाजतन करणारी संस्था इन्टॅक यांचा करार झाला आणि संग्रहालय २००८ मध्ये पुन्हा उघडले. पाच वर्षे लागली. पुण्यात अशाच कामाला एका आर्थिक वर्षाची मुदत धरणे ही पहिलीच चूक ठरते.

महापालिकेकडे मागणी एवढीच की निविदा दोन टप्प्यांत काढावी. पहिल्या टप्प्यात फक्त पाहणी, नकाशे, भारगणित आणि छप्पर-पन्हळींची दुरुस्ती. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा वास्तू तशीच ठेवून गळती नोंदवावी. प्रदर्शनाची मांडणी दुसऱ्या टप्प्यात. ठेकेदाराला द्यायच्या रकमेतला काही हिस्सा दोन पावसाळे उलटेपर्यंत राखून ठेवावा, आणि दरवर्षी मे अखेरीस पन्हळी साफ करण्याची जबाबदारी एका नेमक्या कर्मचाऱ्याच्या नावावर लिहून तो कागद दाराशीच लावावा.

आपले,
वास्तुजतनाचे काम करणारे काही वाचक, सदाशिव पेठ, पुणे