वारणा ओलांडली की लग्न बदलायचं

माननीय संपादक,
स. न.

समलिंगी विवाहाचा प्रश्न म्हणजे परक्या देशांचं खूळ, सांगलीकरांनी त्यात डोकं घालू नये, असं एका वाचकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. मी बत्तीस शिराळ्याची निवृत्त शिक्षिका. हा प्रश्न माझ्या भावाच्या घरात येऊन बसलेला आहे, म्हणून लिहिते.

पुतणी जर्मनीत नोकरीला आहे. तिथे २०१७ पासून असा विवाह कायदेशीर आहे. तिनं तिथल्याच एका मुलीशी रीतसर नोंदणी करून लग्न केलं. गेल्या वर्षी माझा भाऊ गेला, तेव्हा दोघी आल्या. तेराव्याच्या पंगतीत ती मुलगी वाढत होती. वहिनीला औषधं तीच द्यायची. पण कागदावर ती कोण? पर्यटक! मुदत संपल्यावर पुतणी आईजवळ राहिली आणि तिच्या बायकोला एकटीनं परतावं लागलं. भावाला मुलगा असता आणि त्यानं हीच मुलगी केली असती, तर पत्नी म्हणून तिला व्हिसा मागता आला असता.

सीमा ओलांडली की लग्न नाहीसं होणं आपल्या भागाला नवीन नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्यानं मान्यता दिली. वारणेच्या अलीकडचा आमचा शिराळा मात्र तेव्हा इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. इकडे जातीबाहेरच्या हिंदू विवाहाच्या वैधतेवर कोर्टात वाद घालता येई. नदीच्या त्या काठी संशयाला जागा न ठेवणारं लग्न या काठी संशयाचं. देशभर हा संशय मिटला तो १९४९ च्या कायद्यानं, ज्या वर्षी आपला जिल्हा ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला. त्या मधल्या तीस वर्षांत ज्यांनी जातीबाहेर लग्नं केली असतील, त्यांच्या लेकरांच्या वारसाहक्काचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आज वारणेच्या जागी देशांच्या सीमा आहेत. तैवाननं २०१९ साली आशियात पहिल्यांदा असा कायदा केला, पण जोडीदार चीनचा असेल तर नोंदणी होत नव्हती. दोन सरकारांचं वैर आड येत होतं. २०२४ मध्ये तिसऱ्या देशात लग्न केलेल्यांसाठी तिथे वाट काढली गेली. वैर संपलेलं नाही, तरी निघाली. आपलं नेपाळशी तर वैर नाही, ये-जा करायला पासपोर्टही लागत नाही. तिथे नोव्हेंबर २०२३ मध्ये लमजुंग जिल्ह्यात अशा पहिल्या विवाहाची नोंद झाली. ते जोडपं इकडे आलं तर माणसं आत येतात, लग्न सीमेवरच राहतं.

अशा विवाहाला मान्यता देण्याचं काम संसदेचं आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सांगितलं. त्यानंतर केंद्रानं समिती नेमली, आणि २०२४ मध्ये अशा जोडप्यांना एका रेशनकार्डावर राहण्याची, बँकेत संयुक्त खातं उघडण्याची वाट मोकळी केली. चांगलं झालं, मी त्याचं स्वागतच करते. पण रेशनकार्डावर एका घरातली असलेली दोन माणसं व्हिसाच्या अर्जावर कोणीच नाहीत, हे कसं चालेल?

१९५४ च्या विशेष विवाह कायद्यात बदल व्हायला वेळ लागेल, हे कळतं. निदान परदेशात कायदेशीर लग्न केलेल्या भारतीयांच्या जोडीदाराला व्हिसापुरतं तरी जोडीदार माना. आपल्या भागाच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात एवढा एकच प्रश्न विचारावा, अशी माझी त्यांना जाहीर विनंती आहे. वहिनी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. दोघी पुन्हा कधी येणार, असं ती रोज फोनवर विचारते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
बत्तीस शिराळा, जि. सांगली