मागच्या सीटचा बेल्ट सीट कव्हरखाली गाडलाय

संपादक महोदय,

सीट बेल्ट म्हटलं की आपल्याकडे ड्रायव्हर आणि फारतर त्याच्या शेजारचा, एवढंच डोक्यात असतं. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये नियम १३८ मध्ये मागे बसणाऱ्यांनीही बेल्ट लावायचा हे आधीपासूनच आहे, आणि मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १००० रुपये झाला, १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तरी १०००.

मी नेरूळला राहते, ऑफिस ठाण्याला, त्यामुळे कॅबने सारखं जाणं-येणं होतं. मागे बसलं की पट्टा खांद्याजवळ लोंबत असतो, तो ओढला की येतोही, पण खाली अडकवायचं बक्कल कुठे आहे ते सापडत नाही, कारण रेक्झिनचं सीट कव्हर घालताना ते आत दाबून टाकलेलं असतं. परवा एका गाडीत सीटच्या फटीत मनगटापर्यंत हात घातला तेव्हा लाल बटण बोटाला लागलं, पण बाहेर काही आलं नाही. ड्रायव्हर दादा म्हणाले, "राहू द्या मॅडम, मागचा कोणी मागतच नाही." ते काही चुकीचं बोलत नव्हते आणि हेच मला जास्त लागतं.

टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर कार अपघातात गेले, मागच्या सीटवर बेल्ट न लावता बसले होते. तेव्हा महिनाभर सगळीकडे तोच विषय, मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबरपासून मागच्यांनाही सक्ती जाहीर केली, आणि आज पाम बीच रोडला नाहीतर घोडबंदरला उभं राहून बघा, मागे बेल्ट लावलेला माणूस शोधावा लागतो. काही लोक तर पुढच्या सीटचा बेल्ट न लावल्यावर वाजणारा आवाज बंद करायला नुसती क्लिप खोचून ठेवतात, २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आदेश दिल्यावर ऑनलाइन साइट्सवरून अशा क्लिपांच्या १३ हजारांवर जाहिराती काढायला लागल्या, म्हणजे विचार करा खप किती असेल.

मागे बसलेला सेफ असतो हा समज कुठून आला कळत नाही. गाडी धडकून थांबते पण आतला माणूस त्याच स्पीडने पुढे जातो आणि पुढच्या सीटवर आदळतो, म्हणजे ज्याने बेल्ट लावलाय त्या ड्रायव्हरचाही जीव जाऊ शकतो. मांडीवर बाळ घेऊन बसणाऱ्या आयांना तर हात जोडून सांगावंसं वाटतं, त्या धक्क्याला कुठल्याच आईच्या हातांनी बाळ धरून ठेवता येत नाही हो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. टॅक्सीचं पासिंग करताना आरटीओच्या साहेबांनी मागचे तिन्ही बेल्ट स्वतः ओढून, लावून बघावेत आणि बक्कल कव्हरखाली असेल तर पासिंग थांबवावं. ट्रॅफिक पोलिसांनी गाडी अडवली की मागच्या काचेतूनही बघावं, आधी आठवडाभर समज द्या, मग दंड करा. आणि कॅब कंपन्या राइड संपली की स्टार मागतात ना, तिथेच मागचा बेल्ट लागत होता का हा एक प्रश्न टाका, नाही म्हटलं तर ती गाडी बेल्ट नीट होईपर्यंत रस्त्यावर सोडू नका.

— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई