दिवा पेटला म्हणून कन्व्हर्टर बदलू नये

महोदय,

आपल्या पुरवणीतील मोटारीच्या देखभालीवरील लेखात ‘चेक इंजिन’चा दिवा पेटल्यास कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा, एक्झॉस्टच्या नळीतील भाग) बदलून घेण्याचा जो सल्ला दिला आहे, तो सरसकट पाळण्याजोगा नाही. गाडीतील बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवरचा पी ०४२० हा कोड कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचे सांगतो. पी ०१४१ मात्र सहसा कन्व्हर्टरनंतर, म्हणजे धूर त्यातून बाहेर पडतो त्या बाजूला बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातील ऑक्सिजन मोजणाऱ्या भागाच्या) हीटर सर्किटचा असतो, आणि त्या बिघाडाशी कन्व्हर्टरचा संबंध असेलच असे नाही.

माझ्या गाडीत हाच दुसरा कोड आला असताना एका गॅरेजने कन्व्हर्टर बदलायला सांगितले. फ्यूज शाबूत होता, आणि इंजिन चालू ठेवून सेन्सरपासून सुट्या केलेल्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावला तर जवळपास १४ व्होल्ट दिसत होते. तेव्हा वायरिंग ठीक आहे, असे सांगून मेकॅनिक मोकळा झाला. पण मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे एकाच धाग्यावर तग धरून असलेली वायरही त्याला धडधाकट वाटते. पुरवठ्याची पिन आणि इंजिनची अर्थिंग यांच्यामध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडला, तेव्हा तो जेमतेम तांबूस झाला. वायर चाचपत मागे गेल्यावर उष्णतेने आवरण तडकून आत पाणी शिरलेली आणि तांबे हिरवे पडलेली जागा सापडली.

काही मोजक्या गाड्यांत खुद्द कन्व्हर्टरलाच विजेचा हीटर असतो. कन्व्हर्टरमधील उत्प्रेरक साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला पोहोचेपर्यंत नीट काम करत नाही, आणि थंड इंजिनाचा सुरुवातीचा धूरच सर्वांत घाण असतो, म्हणून ही सोय. येथे निदानाची रीत वेगळी आहे. हा हीटर १२ व्होल्टवर शंभर अँपिअरहून अधिक करंट घेऊ शकतो, म्हणजे त्याचा रोध एका ओहमच्या फार खाली असतो. साध्या मीटरच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त भरत असल्याने ओहममधील आकड्यावर भिस्त ठेवणे व्यर्थ आहे. हीटरच्या जाड केबलवर क्लॅम्प मीटर (केबलभोवती अडकवून करंट मोजणारा मीटर) लावून प्रत्यक्ष करंट पाहावा आणि तो वाहत असतानाच रिले (विजेने चालणारा स्विच), जोड व अर्थिंग यांच्यावर किती व्होल्ट वाया जातात ते मोजावे. बॅटरी आधी तपासावी, कारण ती अशक्त असल्यास गाडीचे कंट्रोल युनिट (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) हीटर चालूच न करण्याची शक्यता असते.

शिवाय ही तपासणी थंड इंजिनावरच व्हायला हवी. गाडी चालवत गॅरेजमध्ये नेली की कन्व्हर्टर तापलेला असतो, हीटर मुळात बंद असतो, आणि शून्य करंट पाहून चांगला भागही निकामी ठरवला जातो. माझ्या मते गाडी रात्रभर तिथेच ठेवून सकाळच्या पहिल्या स्टार्टला मीटर लावावा, आणि दुरुस्तीनंतर कोड पुसल्यावरही तसाच एक थंड स्टार्ट घेऊन तो परत येतो का, ते पाहावे.

आपला,
एक नियमित वाचक