आमच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल मॅडमना

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण समोर येऊन आभार मानले की तुम्ही रजिस्टरात डोकं घालता.

अर्थशास्त्रावरचं काहीतरी द्या म्हटल्यावर 'श्रीमंत कसे व्हाल' छापाच्या कपाटाकडे बोट दाखवून मोकळं होता आलं असतं. तुम्ही शासनाने छापलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा सहावा खंड काढलात आणि म्हणालात, "'प्रॉब्लेम ऑफ द रुपी'ची प्रस्तावना आधी वाचा." ती लंडनमधले त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची. लेखकाचे बहुतेक युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत, असं ते त्यात सरळ सांगतात. पण चुकीचं वाटतं तिथेही त्याच्या विचारांतला ताजेपणा मान्य करतात. असं लिहिणारा गुरू आणि ते स्वतःच्या पुस्तकात छापणारा शिष्य! (आपल्याकडच्या प्रस्तावना आठवून बघा.)

पुस्तक 1923 चं. सुरुवातीचा चांदी-सोन्याचा इतिहास जड जातो, मी तो दोनदा बाजूला ठेवला. तोवर कुणीही चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे; 1893 मध्ये सरकारने या खुल्या नाणेपाडणीला टांकसाळी बंद केल्या, तिथून मात्र पुस्तक धरून ठेवतं. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ कीन्स रुपयाचा भाव सोन्याशी बांधणाऱ्या, पण रुपयाच्या बदल्यात सोनं द्यायला न बांधलेल्या ज्या चलनव्यवस्थेची बाजू घेत होते, तिच्यात रुपये किती पाडायचे याला बंधन उरत नाही, हा बाबासाहेबांचा मुख्य आक्षेप. रुपये वाढले की भाव चढतात आणि मजुरी मागे रखडते. महागाईच्या बातम्या मी आता याच नजरेने वाचतो.

मग तुम्ही अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांचं दुष्काळांवरचं 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' दिलंत. 1943 साली बंगालात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा तिथलं धान्य 1941 पेक्षा कमी नव्हतं, लोकांची ते विकत घ्यायची ऐपत गेली होती, हा त्यांचा हिशेब. आमची आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. त्या मजुरीवर घर चाललं. म्हणून मला हे पुस्तक लगेच पटलं. तेवढ्यात तुम्ही सेन यांच्या आकड्यांवर शंका घेणारा, टंचाई खरीच होती म्हणणारा लेख माझ्यापुढे ठेवलात. मी अजून सेन यांच्याच बाजूला आहे, पण पिकांचे सरकारी अंदाज किती कच्चे असू शकतात हे त्या लेखामुळे कळलं. पुस्तकासोबत त्याचा विरोधकही हातात देणारं दुसरं कुणी मला भेटलेलं नाही. त्यासाठी मनापासून आभार.

आता कीन्स यांचं 1913 चं भारतीय चलनावरचं पुस्तक वाचायचं आहे. कुठून मिळालं तर माझ्या नावावर राखून ठेवा. वर्गणी या आठवड्यात भरतो.

आपला,
एक वाचक