जुन्या वास्तूंतील नव्या बांधकामाबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

ऐतिहासिक वास्तूला लिफ्ट, रॅम्प किंवा नवे दालन जोडण्याच्या प्रस्तावांवर लेखी मत देताना ‘नवे नको’ एवढेच लिहून थांबू नये, ही विनंती. वापरात नसलेली इमारत लवकर ढासळते. जिना चढू न शकणाऱ्यांनाही ती पाहण्याचा हक्क आहेच.

ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची तत्त्वे सांगणाऱ्या १९६४च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेनुसार अपरिहार्य असलेले नवे काम मूळ रचनेपासून वेगळे ओळखू यावे आणि त्यावर आजच्या काळाची छाप असावी. म्हणून हुबेहूब जुन्यासारखे दिसणारे नवे दालन मला धोक्याचे वाटते. पुढच्या पिढीला खरे कोणते, हे कळणारच नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाचा काचेचा पिरॅमिड १९८९ मध्ये खुला झाला तेव्हा त्यावर कडाडून टीका झाली होती. पण प्रवेशाची बहुतेक सोय जमिनीखाली गेल्यामुळे भोवतालचे जुने दर्शनी भाग झाकले गेले नाहीत. प्रत्येक प्रस्तावात हेच तपासावे: नवे काम जुन्याला झाकते का? उद्या काढायचे ठरले, तर मूळ भिंतीला इजा न होता निघेल का?

साहित्याकडे तर विशेष लक्ष द्यावे. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल अडकते, क्षार साचतात आणि दगड-विटांचे पापुद्रे सुटू लागतात. असे काम प्रस्तावात दिसल्यास स्पष्ट हरकत नोंदवावी.

मत पाठवताना मूळ बांधकाम जिथे जिथे छेदले जाणार आहे, त्या जागा नकाशावर खुणा करून दाखवाव्यात.