सूचना : कुत्र्याच्या पिल्लांसाठी फॉस्टर घरं हवी आहेत

नमस्कार मंडळी,

पाऊस लागला की गटाराकाठची, पार्किंगमधली पिल्लं आपल्याकडे यायला लागतात. शेल्टर भरलंय, त्यामुळे आत्ता पैशांपेक्षा घरांची निकड जास्त आहे. कायमचं पाळायचं नाही. लसी पूर्ण होऊन कुणी दत्तक घेईपर्यंत सांभाळायचं. बाल्कनीचा कोरडा कोपरा, जुनी चादर आणि भरपूर रद्दी एवढं पुरतं. औषधपाणी आणि लसींचा खर्च ग्रुप करेल.

अट एकच, पण कडक. घरच्या कुत्र्याच्या लसी झालेल्या नसतील किंवा वर्षभरात घरात पार्व्हो (कुत्र्यांना जीवघेणे जुलाब-उलट्या लावणारा विषाणू) येऊन गेला असेल, तर कृपया पिल्लू नेऊ नका. हा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनाईलला दाद देत नाही, ब्लीचच लागतं. पहिली लस पिल्लू ६ ते ८ आठवड्यांचं झाल्यावर, मग दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवड्यांपर्यंत. तोवर खाली फिरवणं बंद. गाईचं दूधही नको, पिल्लू कितीही केविलवाणं बघू दे. जुलाब लागले की रात्रभर तुम्हीच पुसत बसाल.

देणगी फक्त ग्रुपच्या खात्यावर द्या आणि स्क्रीनशॉट खजिनदारांना पाठवा, म्हणजे पावती मिळेल. वस्तू द्यायच्या असतील तर टॉवेल, वर्तमानपत्रं, पपी फूड द्या. बिस्किटांचे पुडे आता पुरे!

फॉस्टर करू शकणाऱ्यांनी रविवारपर्यंत इथेच नाव, भाग आणि घरातल्या इतर प्राण्यांची माहिती लिहा.