वसतिगृहावर नेमलेल्या मुलास

इंदूर,
रविवार, सायंकाळ

चिरंजीव बाळास,
प्रभू येशूच्या नावाने सलाम व अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र गुरुवारी मिळाले. बाबांनी ते मोठ्याने वाचून दाखवले आणि रात्री मी एकटीने पुन्हा वाचले. "तीन वर्षे ईशज्ञान शिकलो आणि येथे वसतिगृहाची भाजी तोलतो, पाण्याची मोटर दुरुस्त करतो, रात्री मुलांच्या खरजेला मलम लावतो; उपदेशाला महिन्यातून एकदा उभे राहायला मिळते," हे तुझे वाक्य मनातून जात नाही. त्यात तक्रारीपेक्षा दुःख अधिक आहे हे मला कळते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाच. प्रेषित पौलाला आशिया प्रांतात वचन सांगायचे होते, तेथे त्याला मनाई झाली. बिथुनियात जायचे होते, तेही घडले नाही. मग त्रोवसास रात्री दृष्टान्त झाला तो 'इकडे येऊन आम्हांला साहाय्य कर' असे विनवणाऱ्या मासेदोनियाच्या एका पुरुषाचा. प्रत्यक्षात मासेदोनियातल्या फिलिप्पैत शब्बाथाच्या दिवशी नदीकाठी त्याला भेटल्या त्या जमलेल्या स्त्रिया, आणि तेथे जिचे अंतःकरण उघडले ती जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया. दृष्टान्तातला पुरुष कोठे आहे असे विचारत पौल गावभर हिंडला नाही. तो त्या बायकांपाशी बसला आणि बोलू लागला. मला त्याचे ते बसणे फार मोलाचे वाटते. हाक आली होती ती साहाय्याची. साहाय्य कोणाला आणि कोणते हवे आहे, हे तेथे गेल्यावरच कळणार होते.

आपल्या इंदुरातही असेच घडले. १८७७ साली कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी येथे आले, तेव्हा शहरातल्या उघड प्रचाराला होळकर दरबाराचा विरोध होता. १८८४ साली डॉ. एलिझाबेथ बीटी आल्या आणि दोन वर्षांनी डॉ. मॅरियन ऑलिव्हर आल्या. ज्या घरांत परपुरुषाला बायकांची नाडीसुद्धा पाहू देत नसत, त्या घरांत या दोघी जाऊ शकल्या. छावणीजवळचे ख्रिश्चन कॉलेजही १८८७ चे आहे. चौकात उभे राहून बोलता येईना, तेव्हा मिशनने शाळा आणि दवाखाने धरले, आणि त्यांतूनच या शहराशी नाते जुळले.

आता माझे सांगते. हे तुला आजवर सांगितलेले नाही. नर्सिंगची परीक्षा देऊन मी मिशनच्या एका दवाखान्यात लागले, तेव्हा मला ऑपरेशन थिएटरमध्ये काम करायचे होते. मला नेमले चादरी, पट्ट्या आणि गॉज यांच्या खोलीत. धुऊन आलेल्या पट्ट्या गुंडाळायच्या, चादरी मोजायच्या, फाटलेल्या वेगळ्या काढायच्या. सहा महिने मी ते काम तोंड पाडून केले, आणि एकदा तर रात्रपाळीला कोणी नसताना, 'हे माझे काम नाही' असे म्हणून मी वॉर्डात जायला नकार दिला. त्या नकाराची मला आजही लाज वाटते.

पुढे वॉर्डात गेले तेव्हा धारकडच्या एका खेड्यातली बाळंतीण आली. मूल दगावले होते. ती कोणाशी बोलेना, औषध घेईना. मी तिच्याजवळ स्तोत्रसंहिता घेऊन बसले, तर तिने भिंतीकडे तोंड फिरवले. दुसऱ्या दिवशी पाहिले, की तिच्या केसांचा पार गुंता झाला आहे आणि ती सारखे डोके खाजवते आहे. मी खोबरेल आणि फणी आणली. केसांच्या बटा एकेक सोडवीत, टोकाकडून मुळाकडे येत, उवा काढीत मी दोन दुपारी बसले. मी एक शब्दही बोलले नाही. तिसऱ्या दुपारी तिने माझे नाव विचारले आणि मग गोळी मागून घेतली. ईशज्ञानात त्या फणीला कोणते नाव आहे ते तू मला सांग. मला ते ठाऊक नाही.

पंडिता रमाबाईंचे तू लहानपणापासून ऐकत आला आहेस. ज्यांच्या संस्कृत विद्वत्तेसाठी कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'सरस्वती' म्हटले, त्याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली पुण्याजवळ केडगावच्या आपल्या आश्रमात घेऊन आल्या, आणि १९०० साली गुजरातेतल्या दुष्काळातल्या मुलींनाही त्यांनी आसरा दिला. एवढ्या जणींना राहायला छपरे हवीत, प्यायला पाणी हवे, हाताला काम हवे. त्याच बाईंनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली. हे काम विद्येचे आणि ते कमी प्रतीचे, अशी वाटणी त्यांनी केलेली दिसत नाही. तुझ्याही हाती जे शिक्षण आहे ते वाया चालले आहे असे समजू नकोस.

तेथल्या मुलांची बोली, भिलाली, मात्र मनापासून शीक. हिंदीत सगळे भागते असे तू लिहिलेस. भाजी विकत घेण्यापुरते भागत असेल, पण तापात बडबडणारे पोर हिंदीत बडबडत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपल्या लोकांना प्रभूचे गुणगान अभंगांत आणि ओव्यांत दिले, म्हणून आजही आपण टाळ घेऊन भजनाला बसतो. तेथल्या म्हाताऱ्यांपाशी बस, डाळ-पानिया त्यांच्या अंगणात खा, चुकीचे बोल आणि त्यांना दुरुस्त करू दे.

दोन गोष्टी बजावून सांगते. मुलाला मलम लावताना त्याच्या बदल्यात त्याने काही मानावे, असा विचारही मनात आणू नकोस. आमिष दाखवून धर्मांतर करण्याविरुद्ध आपल्या राज्यात १९६८ पासून कायदा आहे, पण मी कायद्याच्या भीतीने हे लिहीत नाही. ज्याला प्रभूने फुकट प्रेम दिले त्याने मलमाचे मोल मागू नये. आणि सांगेल ते काम करणे म्हणजे सगळे निमूट गिळणे नव्हे. मच्छरदाण्या कमी असतील किंवा धान्य पुरत नसेल, तर समितीला स्पष्ट लिही, उत्तर आले नाही तर पुन्हा लिही. तेथे तुझी नम्रता मुलांच्या पोटावर बेतता कामा नये.

मंगळवारी गंगवाल बसस्थानकावरून सुटणाऱ्या बसने डबा पाठवते. त्यात खरजेच्या मलमाच्या बारा ट्यूब, दोन फण्या आणि शंकरपाळे आहेत. मलम लावशील त्या दिवशी सगळ्या मुलांच्या चादरी आणि कपडे उकळत्या पाण्यातून काढ, नाहीतर खरूज पुन्हा येते. बाबा सांगतात, मोटर चालते पण पाणी ओढत नाही, तर आधी फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, वर काढून बघ. त्यात कचरा अडकला की पाइपातले पाणी खाली उतरते. रात्री ज्या धाकट्याला झोप येत नाही म्हणून तू लिहिलेस, त्याचे नाव पुढच्या पत्रात कळव. आम्ही दोघे संध्याकाळच्या प्रार्थनेत ते घेऊ.

तुझी,
आई